ईश्वरप्पांचा अडीच घरांचा घोडा

मलप्पानं उदगीरच्या पाहुण्यांना सांगून टाकलं, की आमचे दाजी बुद्धिबळात लातूर जिल्ह्यात एक नंबर आहेत, आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला. तसं पाहिलं तर मलप्पा धडधडीत खोटं बोलला, असंही म्हणता येणार नाही. लातूर जिल्हा होऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. त्यात एक नंबर कोण आणि दोन नंबर कोण, याची पाहणी सरकारनं अजून हाती घेतली नव्हती. फक्त ज्यांच्याविषयी तो बोलला, त्या ईश्वरप्पा कोरे यांनी जन्मात पटावरच्या प्याद्याला हात लावलेला नव्हता, एवढी एक बारीक अडचण होती.

मलप्पा म्हणजे ईश्वरप्पांच्या बायकोचा, दानम्माचा, धाकटा भाऊ. सोयरिकी जुळवणं हा त्याचा धंदा नव्हता, हौस होती. धंद्यात माणूस निदान जपून बोलतो, हौसेत तेवढंही बंधन राहत नाही.

"दाजी, मी तरी काय करू?" तो ओसरीवर बसून सांगत होता. "मुलाच्या वडलांनी, त्या गुरुपादप्पांनी इचारलं, मुलीचे वडील काय करतात? मी म्हणलं, कचेरीत हेडक्लार्क हायत. ते म्हणले, ते असू द्या, पण करतात काय? आता तुमी काय करता सांगा बरं! कचेरीतून येता, आन् हितून तिथं येरझाऱ्या घालता. ते का सांगायचं सोयऱ्याला? म्हणून म्हणलं, बुद्धिबळ खेळतात. तर ते गृहस्थ गादीवरून अर्धे उठलेच की! म्हणले, अमावास्या झाली की येतो, मुलगी बी बघू आन् एक डाव बी होऊ द्या."

येरझाऱ्यांची गोष्ट मात्र खरी होती. ईश्वरप्पांना एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा हलत असे, आणि आमटीची वाटी त्या तालावर थरथरत असे. चौसष्ट घरांपुढे तासन्तास बसण्याचा खेळ देवानं ज्यांच्यासाठी मुळीच निर्माण केला नव्हता, अशा माणसांत ईश्वरप्पांचा नंबर खरोखरच वरचा लागला असता.

दुसरं कुणी असतं तर त्यांनी सरळ उदगीरला निरोप पाठवला असता, की आमचा मेहुणा थापाड्या आहे. पण ही सोयरीक हातची घालवण्यासारखी नव्हती. मुलगा बोअरच्या मशीनवर ओव्हरसियर होता. त्या वर्षी लातुरात डॉक्टरला, वकिलाला कुणी विचारत नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला होता, आणि बोअरवाला साहेब गल्लीत आला की लोक त्याला खुर्ची देत, चहा देत, आणि जमलंच तर मुलगी दाखवत. त्यातून ही गोष्ट नुसत्या मुलाच्या नोकरीची नव्हती. उन्हाळ्यात हेच मशीन ईश्वरप्पांच्या गल्लीत तीन दिवस गुरगुरत होतं. पाणी लागलं नाही, नुसता फुफाटा उडाला. पण तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक होऊन दारात पाणी मागायला आला, तेव्हा ईश्वरप्पांची मुलगी शिवकन्या त्याला बघून हसली, आणि आरशात बघितल्यावर तोही हसला. पुढे पोरीनं आईला एवढंच सांगितलं, "अव्वा, दुसरं कुठलं ठिकाण बघू नका." दानम्मानं ते ईश्वरप्पांना सांगितलं, आणि त्यांचा दुसरा गुडघाही हलायला लागला. पोरगी आजवर काही मागणाऱ्यांतली नव्हती. तिनं एक गोष्ट मागितली, आणि ती नेमकी एका पटावर येऊन अडकली होती.

पहिला प्रश्न पट आणि मोहरे आणायचे कुठून, हा होता. बाजारात सापशिडी मिळाली, कॅरमची पावडर मिळाली, बुद्धिबळ मिळालं नाही. कर्मचाऱ्यांच्या क्रीडा मंडळाचा एक संच होता. पण जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा खुर्च्या, कपाटं, पंखे यांच्याबरोबर मंडळाच्या सामानाचीही वाटणी झाली होती. बत्तीस मोहऱ्यांचे सोळा-सोळा करून पांढरे नव्या जिल्ह्याला आले, काळे जुन्या जिल्ह्यात राहिले, आणि पट अविभाज्य वस्तू म्हणून त्यांच्याकडेच ठेवण्यात आला. हा हिशेब इतका चोख कुणी केला होता, हे सांगायची गरज नाही. वाटणीचं टेबल ईश्वरप्पांकडेच होतं, आणि त्याबद्दल साहेबांनी तेव्हा त्यांची पाठही थोपटली होती.

तेव्हा कपाटातून पांढरी फौज तेवढी घरी आली. डाळमिलच्या पोत्यावर शिवकन्येनं कोळशानं घरं आखली आणि एकाआड एक घर काळं केलं. काळ्या बाजूला प्यादी म्हणून सुपाऱ्या, हत्ती म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं, उंट म्हणून हळकुंडं, वजीर म्हणून चुन्याची डबी आणि राजा म्हणून अडकित्ता उभा राहिला. घोड्यांच्या जागी पोळ्याचे मातीचे दोन बैल होते, त्यातल्या एकाचं शिंग मोडलेलं होतं. समोर बसून ही काळी फौज हलवायला कुणीतरी पाहिजे, म्हणून शिवकन्या बसली. ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याचं नाव मात्र बाप-लेक दोघंही काढत नसत.

हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, वजीर दोन्हीकडे जातो, प्यादं मान खाली घालून एकेक पाऊल पुढे सरकतं, आणि राजा एका घरापलीकडे हलत नाही, हे ईश्वरप्पांना एका बैठकीत पटलं. कचेरीत तीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं. अडलं ते घोड्यापाशी.

"घोडा अडीच घरं चालतो," शेजारचे देविदास मास्तर म्हणाले. ते निवृत्त होते, आणि कुणाला काही येत नाही असं कळलं की त्यांच्या अंगात उत्साह संचारत असे.

"अडीच?" ईश्वरप्पांनी पोत्याकडे बघितलं. "यात निम्मं घर कुठं हाय?"

"निम्मं म्हणजे निम्मं नव्हे हो. दोन घरं सरळ जायचं आणि वळून एक घर आडवं."

"मग तीन झाली की. तीन म्हणा ना सरळ."

"तीन म्हणत नाहीत. अडीच म्हणतात."

ईश्वरप्पांचा स्वभाव असा, की आकडा आणि वस्तू जुळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. रात्रीच्या जेवणात त्यांनी भाकरीचा अर्धा चतकोर चार वेळा उचलून ठेवला. शेवटी त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला, आणि घोडा दोन घरांच्या मधल्या रेघेवर उभा केला. शिवकन्या म्हणाली, "अप्पा, तो शिवेवरच्या वळूसारखा दिसून राहिला." तेव्हा त्यांनी तो उचलला.

दुसऱ्या संध्याकाळी कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार महादेवप्पा आले. त्यांनी मास्तरांची रीत साफ मोडीत काढली. "मास्तर पुस्तकातलं सांगतात. घोडा सरळ एकच घर जातो, आन् मग एक घर तिरकं. आमच्या वडलांनी निजामाच्या फौजदाराबरोबर खेळलेलं हाय."

"फौजदार चुकत असेल," मास्तर म्हणाले.

"फौजदार चुकत न्हाई. चुकला तर समोरचा आत जातो."

झालं. दिवेलागण झाली तरी दोघं पोत्यावर घोडा आपटत होते. मास्तर दोन सरळ जाऊन एक आडवं वळत, महादेवप्पा एक सरळ जाऊन एक तिरकं जात, आणि दर वेळी एकमेकांना म्हणत, "बघा, आता कळलं का?" बापजाद्यांचा उद्धार होऊन झाला. चहा द्यायला आलेल्या दानम्मानं थोडा वेळ बघितलं आणि ती म्हणाली, "दोघांचा घोडा एकाच घरात जाऊन उभा ऱ्हातोय की. भांडून कामून राहिले?" दोघांनी खाली बघितलं. खरोखरच घर एकच होतं. मग मात्र दोघंही रागावून घरी गेले, कारण एवढ्या भांडणानंतर आपण दोघंही बरोबर निघावं, यासारखा अपमान नाही.

पण ईश्वरप्पा नुसते ऐकून सोडणारे नव्हते. दोन अभिप्राय आले की दोहोंतलं थोडं थोडं घेऊन तिसरा तयार करायचा, ही कचेरीची रीत. त्यांनी मास्तरांची दोन सरळ घरं घेतली, महादेवप्पांचं एक तिरकं घर घेतलं, आणि एक सर्वमान्य चाल बनवली. या चालीनं घोडा नेमका एक घर जास्त पुढे जाऊन पडायचा. आठवडाभर ते तसेच खेळले. शिवकन्येनं शेवटी घोड्याच्या पायाखाली बोट ठेवलं. "अप्पा, घराचा रंग बघत जा. पांढऱ्यावरून उडाला की काळ्यावरच पडायला पाहिजे, आन् काळ्यावरून पांढऱ्यावर. तुमचा पांढऱ्यावरून पांढऱ्यावर पडला, म्हणजे चुकला."

ही खूण त्यांना पटली. त्याहून जास्त पटलं ते मास्तरांचं दुसरं वाक्य. राग शांत झाल्यावर मास्तर पुन्हा आले होते. ते म्हणाले, "घोडा पटाच्या मधोमध असला तर आठ घरांवर त्याची सत्ता. कोपऱ्यात घातला तर दोनच घरं उरतात." यावर ईश्वरप्पांनी दीर्घ श्वास सोडला. बिलोलीला बदली झाली होती तेव्हाचे दिवस त्यांना आठवले. तिथूनही दोनच ठिकाणी जाता येई, खोलीवर नाहीतर कचेरीत.

तरी एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचतच होती. घोडा दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारतो. हत्ती, उंट, खुद्द वजीरसुद्धा पुढे कुणी असलं की थांबतो, आणि हा घोडा वाटेतल्या सगळ्यांना डावलून पलीकडे! ज्या माणसानं तीस वर्षं एकही कागद योग्य मार्ग सोडून वर जाऊ दिला नाही, त्याला हे पचणं अवघड होतं. पण पोरीसाठी त्यांनी तेही पचवलं. इतकं पचवलं की उठता-बसता, चालता-बोलता त्यांना उड्याच दिसायला लागल्या. ओसरीतल्या शहाबादी फरश्यांवरून ते दोन फरश्या सरळ आणि एक आडवी असे देवघरात जाऊ लागले. पाणी टंचाईचे दिवस, घरात चिंता, त्यात नवरा असा चालतो म्हटल्यावर दानम्मानं सिद्धेश्वराला नारळ बोलला.

आणि मग ते टँकरचं प्रकरण झालं.

गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा. पहाटेपासून हंडे-घागरी ओळीनं लावलेल्या असत, आणि घागर जिथं ठेवली तिथं माणूस उभा आहे, असं धरून चालायचा दस्तूर होता. त्या दिवशी घागरींच्या चार ओळी झाल्या होत्या. ईश्वरप्पांची घागर दुसऱ्या ओळीत मागे होती. टँकरची वाट बघत ते उभे होते, डोक्यात घोडा होता, समोर चार ओळी होत्या. त्यांचा हात कधी खाली गेला हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी घागर उचलली, मधल्या दोन हंड्यांवरून नेली, वळवली आणि शेजारच्या ओळीत ठेवून दिली. वर समाधानानं मानही हलवली.

"ओ कोरेसाहेब!" मंजुळाबाई कडाडल्या. गल्लीच्या रांगेचा कारभार त्यांच्या हातात होता, आणि तो त्यांना कुणी दिलेला नव्हता, त्यांनी घेतलेला होता. "घागर कुठं चालली?"

"अडीच घरं," ईश्वरप्पा बोलून गेले.

"अडीच घरं? हितं एका घराला पाणी पुरंना, आन् तुमाला अडीच घरांचं पाहिजे?"

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. ईश्वरप्पा घोडा, उंट, पाहुणे असं काहीबाही समजावून सांगत राहिले, त्यामुळे नुसता संशय होता तिथं लोकांची खात्रीच पटली. घागर रांगेच्या पार शेवटी गेली. टँकर आला आणि संपला, आणि त्यांच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी आलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायकांचा अर्ज कचेरीत पोचला. नवा जिल्हा, अपुरी माणसं, म्हणून वाटणीचं काम संपल्यावर टंचाईचं टेबलही ईश्वरप्पांच्याच गळ्यात पडलं होतं. अर्ज त्यांच्यापुढेच आला. त्यांनी तो वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला, आणि "संबंधित इसमाचा खुलासा मागवावा" असा शेरा मारून तो साहेबांकडे पाठवला. साहेबांची सही होऊन तो परत आला. मग त्यांनी स्वतःला पत्र लिहिलं, स्वतःच पोच दिली, आणि सदर घागर अनवधानाने स्थलांतरित झाली असा खुलासा सादर केला. साहेबांना खुलासा समाधानकारक वाटला नाही. रविवारपर्यंत दर टँकरला कोरे यांनी जातीनं उभं राहून रांगेत शिस्त ठेवावी, असा हुकूम झाला.

आयुष्यात पहिल्यांदाच ईश्वरप्पांना मान खाली घालावी लागली. हातात वेताची काठी घेऊन ते टँकरपाशी उभे राहत, आणि लहान पोरं त्यांना बघून एका पायावर उड्या मारत जात. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं, ते केवळ पाण्याच्या टँकरपाशी ते शोभलं नसतं म्हणून.

शनिवारी मलप्पा आला आणि त्यानं डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवला. "दाजी, एक ध्यानात ठेवा. जिंकायचं न्हाई हं. मुलीचा बाप कदी जिंकतो का? गुरुपादप्पा लई मानी माणूस हाय. हरला तर डाव उधळून गाडी गाठल."

"मग हरतो. ते जमंल मला."

"पण लवकर बी हरायचं न्हाई. मी एक नंबर म्हणून सांगितलंय. चांगलं हरायचं."

खेळण्यापुरतं शिकता शिकता ईश्वरप्पांचा महिना गेला होता. चांगलं हरण्याइतकं शिकायला जन्म गेला असता.

रविवारी पाहुणे आले. पुढे गुरुपादप्पा, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं आणि काखेत कापडी पिशवी. मागे त्यांची बायको उमाबाई, आणि त्यांच्या मागे ओव्हरसियर. तो आज स्वच्छ धुतलेला होता, त्यामुळे शिवकन्येला ओळखायला क्षणभर वेळ लागला. घरात पाणी घागरीच्या बुडाशी होतं, आणि दानम्मा चहाचं आधण वाटीनं मोजत होती. तेवढ्यात मागच्या दारानं मंजुळाबाई भरलेला हंडा घेऊन आल्या. "पोरीचं काम हाय म्हणून आणलं," त्या म्हणाल्या, "तुमच्या घोडेवाल्यासाठी न्हाई." आणि कुठं काही बिघडतंय का हे बघायला दाराआड उभ्या राहिल्या.

"बर्री बर्री, कूड्री," गुरुपादप्पांनी उदगीरच्या कानडीत ईश्वरप्पांनाच त्यांच्या घरात बसायला सांगितलं. मुलीकडे त्यांनी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून शिसवी मोहरे आणि पट काढून ते मांडायला लागले. "एकच कायदा," ते म्हणाले, "हात लावला तो मोहरा चालायचा. हात लावून परत घ्यायचं न्हाई."

डाव सुरू झाला. गुरुपादप्पा भराभर चालत होते आणि मधूनच शेव तोंडात टाकत होते. ईश्वरप्पांनी दोन्ही गुडघे हातांनी धरून ठेवले होते. आधी प्यादी गेली, मग एक उंट गेला. आपण छान हरतोय असं त्यांना वाटायला लागलं, आणि महिन्यात पहिल्यांदाच त्यांना थोडं बरं वाटलं. त्या भरात त्यांनी एक घोडा सहज पटाच्या मधोमध आणून ठेवला.

आणि मग त्यांना ते दिसलं. गुरुपादप्पांचा राजा अजून आपल्या जागेवरून हललेला नव्हता, आणि वजीर त्याच्यापुढे एक घर सोडून उभा होता. आपला घोडा दोन घरं सरळ आणि एक आडवं गेला, की एका उडीत राजाला शह आणि वजिरावर घाव. राजाला हलावंच लागेल, आणि वजीर फुकट हाती येईल. असं घर त्यांना आजवर कधीच दिसलं नव्हतं, आणि आज ज्या दिवशी दिसायला नको होतं त्याच दिवशी दिसलं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या शिवकन्येलाही ते दिसलं असावं, कारण कपबशा किणकिणल्या. मलप्पाला काही दिसलं नव्हतं, पण कपबशांचा आवाज ऐकून तो खोकायला लागला.

दुसरा कुठला तरी मोहरा हलवू, असं म्हणेपर्यंत ईश्वरप्पांचा हात घोड्यावर पडला होता. आता घोडाच चालावा लागणार. दुसऱ्या घरात नेला असता तर तो जिवंत राहिला असता, आणि जिवंत घोड्याचा त्यांना आता भरवसा वाटत नव्हता. पलीकडच्या ओळीत गुरुपादप्पांचा हत्ती टपून बसला होता. घोडा त्याच्या तोंडी दिला असता तर सगळं सुरळीत झालं असतं, पण त्या घरात घोडा जात नव्हता. निदान मास्तरांच्या रीतीनं जात नव्हता, महादेवप्पांच्या रीतीनंही नव्हता. ईश्वरप्पांच्या स्वतःच्या रीतीनं मात्र जात होता. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात पोरीचं नाव घेतलं, आणि दोन घरं सरळ, एक तिरकं असा घोडा थेट हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला.

गुरुपादप्पांची शेव तोंडाशीच थांबली. "ओ कोरे, हे काय? पांढऱ्यावरून उडालेला घोडा पांढऱ्यावर पडतो का कुठं? एक घर मागं पाहिजे." आणि खेळाची शिस्त ज्यांच्या रक्तात होती, अशा त्या माणसानं स्वतःच्या हातानं घोडा उचलला आणि एक घर मागे ओढून त्या घराच्या नीट मधोमध ठेवला. "हां. आता बराबर."

मग त्यांनी पटाकडे बघितलं. त्यांचं लक्ष राजावरून वजिरावर आणि वजिरावरून पुन्हा राजावर गेलं.

"यप्पा!" ते म्हणाले.

मलप्पाचा खोकला थांबला. ओव्हरसियरनं चहाचा कप खाली ठेवला. आता उपरणं झटकून हे उठणार, मोहरे पिशवीत जाणार आणि पोरीचं घरही त्याबरोबरच जाणार, हे ईश्वरप्पांना लख्ख दिसत होतं.

"कोरे," गुरुपादप्पा हळूच म्हणाले, "खरं सांगा. तुमी मुद्दाम चुकीच्या घरात ठेवला न्हव?"

ईश्वरप्पांच्यानं खोटं बोलवेना. महिनाभर दुसऱ्याच्या खोट्याचं ओझं वाहून त्यांचा जीव बेजार झाला होता. "हाव," ते म्हणाले, "मुद्दामच ठेवला."

गुरुपादप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की राजा आडवा झाला. "अगं ए उमा, भाईर ये! ह्या माणसानं माज्या हातानं माजाच वजीर मारला बघ! चूक मुद्दाम करायची, आन् समोरच्याकडून दुरुस्त करून घ्यायची! पन्नास वर्षं खेळतोय, पण असा डोकेबाज माणूस बघितला न्हाई!" मग मलप्पाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "देण्याघेण्याचं ह्यांच्याशी काई बोलायचं न्हाई बरं का. जे बोलू त्यात आपूनच अडकू."

"तसं न्हाई हो," ईश्वरप्पा कळवळून म्हणाले, "मी हरायला..."

मलप्पानं त्यांना असा चिमटा काढला की पुढचं वाक्य आतच राहिलं.

उमाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "काय आरडून राहिले? आमचं आत कवाच ठरलंय. दिवाळी झाली की बार उडवायचा. मुलीला तुमी बघितलं का न्हाई अजून?"

"मुलगी?" गुरुपादप्पांनी चौफेर नजर फिरवली. ट्रे धरून उभी असलेली शिवकन्या त्यांना पहिल्यांदाच दिसली. "हां, हां. चांगली हाय की. बस गं बाई, उभी कामून?"

पाच वाजताच्या उदगीर गाडीनं पाहुणे गेले. मंजुळाबाई रिकामा हंडा घेऊन गेल्या आणि जाताना ईश्वरप्पांना, "उद्यापासनं घागर तुमच्या जाग्यावर ठेवा," एवढं म्हणाल्या. मलप्पा तर गल्लीभर सांगत सुटला, की मी म्हणलं नव्हतं का, एक नंबर! देविदास मास्तर आणि महादेवप्पा दोघंही येऊन गेले, आणि ती चाल आपणच शिकवली होती, असं दोघांनीही सांगितलं.

सगळं मनासारखं झालं होतं. तरी ईश्वरप्पांना बसवेना. ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत असं त्यांचं चाललं होतं. काय बिघडलं ते त्यांनाच उमजत नव्हतं. मग भिंतीशी गुंडाळून ठेवलेलं पोतं त्यांच्या नजरेला पडलं, आणि एकदम उमजलं. वीस वर्षं पोरगी याच घरात होती, आणि तिच्यासमोर बसून अशा संध्याकाळी त्यांनी कधी काढल्या नव्हत्या. काढल्या त्या या एका महिन्यात, आणि त्याही तिला घरातून घालवण्याच्या तयारीत. दिवाळी लांब नव्हती.

"शिवकन्या," त्यांनी हाक मारली. "एक डाव टाकू का?"

ती आली. पोतं पसरलं, सुपाऱ्या, रिळं, हळकुंडं आणि बैल आपापल्या घरात गेले. ईश्वरप्पांनी पहिल्याच चालीला घोडा काढला. शिवकन्येनं मोडक्या शिंगाचा बैल काढला. दुसऱ्या चालीला ईश्वरप्पांनी तोच घोडा उचलला आणि आला होता त्या घरात परत नेऊन ठेवला. शिवकन्येनं ते बघितलं आणि सुपारी पुढे सरकवली. ईश्वरप्पांनी घोडा पुन्हा बाहेर काढला. मग पुन्हा आत.

"अप्पा," ती म्हणाली, "असं करून राहिल्यावर डाव संपल कवा?"

"कामून संपवायचा?" ईश्वरप्पा म्हणाले. त्यांचे दोन्ही गुडघे अगदी स्थिर होते.

आतून दानम्मानं ताटं वाढल्याची हाक दिली. शिवकन्येनं हात पुढे केला आणि आपला बैल उचलून हळूच होता त्या घरात परत ठेवला.